पंचवीस टक्के

डॅरेल नवा डबा घेऊन नॅचीझ गावच्या शीतगृहाकडे निघून गेला आणि मी त्याने कोडमध्ये केलेले बदल वाचायला बसले. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचल्याशिवाय बाहेर जायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. पण सफरचंदांच्या खोल्या उघडायचे दिवस होते, शीतगृहवाले घाई करत होते. "तू वाच सावकाश, मास्तरीणबाई," डॅरेल जाताना म्हणाला, "मी तोवर डबा भिंतीला लावतो." मी पूर्वी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, हे तो कधी विसरत नाही.

सफरचंदं टिकावीत म्हणून खोली हवाबंद करून तिच्यातला ऑक्सिजन एक-दोन टक्क्यांवर आणतात. अशा खोलीत माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. घुसमटल्यासारखंही वाटत नाही. आमचा डबा आतला ऑक्सिजन मोजतो आणि दाराशी दिवा लावतो. लाल असला तर थांबायचं, हिरवा असला तर दार उघडायचं. ज्या जुन्या संगणकावर हे चालायचं तो आता मिळत नाही, म्हणून आमची कोडची सगळी लायब्ररी एका नव्या, छोट्या चिपवर न्यायची होती. नव्या कंपायलरने, म्हणजे कोड चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमने, तिच्यात शेकडो चुका काढल्या होत्या. त्या डॅरेलने आठवडाभर बसून निस्तरल्या.

बहुतेक दुरुस्त्या चोख होत्या. मग एके ठिकाणी मला एक ओळ खोडलेली दिसली. आकडा शून्याखाली आला तर लाल दिवा लावायचा, अशी ती ओळ होती. शेजारी त्याने लिहिलं होतं, "कंपायलर म्हणतो ही अट कधीच खरी ठरणार नाही. काढून टाकली."

कंपायलरचं काही चुकलं नव्हतं. म्हणूनच ती ओळ मी पुन्हा वाचली. आकडा साठवायला आम्ही जो छोट्यातला छोटा कप्पा वापरतो, त्यात जुन्या संगणकावर उणे आकडाही बसायचा. नव्या चिपवर त्या कप्प्याला उणे माहीतच नाही. ऑक्सिजन शून्याखाली जात नाही हे खरं. पण सेन्सर बंद पडला की तो उणे एक पाठवतो. नव्या चिपवर त्या उणे एकचे दोनशे पंचावन्न होतात, आणि मोजपट्टी पंचवीसपर्यंतच असल्याने आमचाच कोड त्यांना छाटून पंचवीस करतो. म्हणजे सेन्सर मेला, तर दिवा हिरवा.

सेन्सर काही रोज मरत नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं. तरी शीतगृहाचे आकडे पडद्यावर उघडले. खोली सात, ऑक्सिजन पंचवीस टक्के.

मोकळ्या हवेत तो एकवीस असतो. डोंगरावरही तेवढाच असतो.

मी डॅरेलला फोन लावला. लागेना. त्या जाड भिंतींपाशी कुणाचाच लागत नाही. मग शीतगृहाच्या कचेरीत लावला. तिथला व्यवस्थापक रोहेलिओ याने उचलला आणि नेहमीसारखी चौकशी सुरू केली. मी त्याला मध्येच तोडलं आणि डॅरेल कुठे आहे ते विचारलं. सातव्या खोलीपाशी, तो म्हणाला. सकाळपासून पंखा लावून खोलीत हवा सोडली होती, आता दिवाही हिरवा झाला होता. एवढ्या लवकर कसा झाला याचं त्यालाही जरा नवल वाटलं होतं.

"तो दिवा खोटा आहे," मी म्हणाले. "डॅरेलला थांबवा. तो आत असला तर तुम्ही आत शिरू नका. बाहेरूनच ओढा."

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला, मग धावणारे बूट. दुसऱ्या फोनवरून मी रुग्णवाहिका बोलावली, पत्ता दोनदा सांगितला. पहिला फोन कानालाच होता. त्यात कॉम्प्रेसर घरघरत होता, लांब कुठे फोर्कलिफ्ट मागे येताना पीं पीं करत होती, कुणीतरी हसत होतं. डॅरेलला कुठेच स्वस्थ बसवत नाही. वायर सैल दिसली तर हात घातल्याशिवाय त्याला राहवत नाही. सेन्सरची वायर दाराच्या आत असते.

बऱ्याच वेळाने रोहेलिओ धापा टाकत परत आला.

"बाहेर आहे," तो म्हणाला. "दाराची खालची झडप उघडून छातीपर्यंत आत घुसला होता. पट्ट्याला धरून ओढला. मेल्यातच जमा होता हो, तुम्हाला सांगतो, ओठ निळे पडलेले. आता इथे कचेरीच्या दाराशी आणून बसवलाय."

मी त्याला नव्या डब्याची वीज तोडायला सांगितलं. मग दार उघडायचं की नाही हे कशावरून ठरवायचं, त्याने विचारलं. हातात धरायच्या ऑक्सिजन मीटरवरून, मी म्हणाले, आणि त्याने मोजेपर्यंत एकही दार उघडायचं नाही. त्याने एका माणसाला हाक मारून तसं सांगितलं आणि फोनची लांब वायर ओढत डॅरेलपर्यंत नेली.

"मला काहीच वाटलं नाही गं," डॅरेल म्हणाला. आवाज फार बारीक होता. "काहीच नाही. वायर निसटलेली दिसली, एवढंच आठवतंय." मग त्याने विचारलं, "मी काढलेली ओळ?"

"हो."

"पण कंपायलरच म्हणाला..."

"माहितेय. बोलू नकोस आता."

रुग्णवाहिका येईपर्यंत मी फोन ठेवला नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता. मध्येच लांबला की मी त्याचं नाव घ्यायचे, आणि तो हं म्हणायचा.