सात एक

१९७८ च्या मार्चमधली गोष्ट. पवनीतलेच मधुकरराव गुरुजी परसराम विणकराकडे लुगडं न्यायला आले. लुगडं मागावरून उतरायला अजून तासभर होता, म्हणून ते ओसरीवर बसले. जन्मभर गणित शिकवून नुकतेच निवृत्त झालेले. हात स्वस्थ बसेना. खिशातल्या खडूनं त्यांनी फरशीवर ओळीनं सात एक लिहिले. १११११११.

"एक सोडला तं याले कोणताच लहान आकडा पुरा भागत नाही. तीस वर्सं पोराईले हेच सांगतलं."

परसरामची बायको सत्यभामाबाई चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती. सातवीपर्यंत शिकलेली. तिनं मान वर केली.

"गुरुजी, तुमी कुठवर भागून पाह्यलं?"

"शंभराच्या जरासा पुढं गेलो. मंग कंटाळलो."

"मंग भागतच नाही, हे कसं म्हनता?"

गुरुजी हसले. "तू पाहून घे. एक हजार चौपन्नपर्यंतच पाहा लागते, तेही मूळ आकडेच. गुणून हा आकडा देनारी जोडी असलीच, तं तिच्यातला लहान आकडा त्याच्या आतच सापडते."

दुसऱ्या दिवसापासून सत्यभामाबाईनं पाटी घेतली. सात, अकरा, तेरा... स्वयंपाक आटोपला की दोन-चार आकडे व्हायचे. शंभर ओलांडले, दोनशे ओलांडले. आठव्या दिवशी दोनशे एकोणतीसनं भागलं आणि बाकी उरली फक्त तीन!

"अवो, तीनच उरले!" ती ओरडली. मागावरून परसराम म्हणाला, "उरले ना पन!"

दोनशे तेहतीसला एकशे सदुसष्ट उरले. मग दोनशे एकोणचाळीस. चार वेळा भाग गेला, मग सहा वेळा, पुन्हा चार वेळा. शेवटी खाली राहिले एकवीसशे एक्कावन्न. तिनं दोनशे एकोणचाळीसला नवानं गुणलं. एकवीसशे एक्कावन्न! तिनं पुन्हा गुणलं. तेच.

बाकी शून्य.

पाटी छातीशी धरून ती अनवाणीच गुरुजींच्या घरी धावली. गुरुजी दाढी करत होते. साबण लावल्या तोंडानंच त्यांनी दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास करून पाहिलं. सात एक, बरोबर ओळीनं.

"तीस वर्सं!" ते म्हणाले, आणि मोठ्यानं हसले. "तीस वर्सं चुकीचं सांगतलं मी! चाल, शाळेत चाल."

"मी? शाळेत?"

"मंग कोन? तूच सांग पोराईले."

गुरुजींच्या जुन्या शाळेत, नववीच्या वर्गात त्यांनी आधी आपली चूक सांगितली आणि खडू तिच्या हातात दिला. पहिला आकडा तिनं सावकाश लिहिला, पुढं हात सरसर चालू लागला. फळ्यावर शून्य उमटलं तशी पोरं बाकं बडवू लागली.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "काकू, आठ एक असले तं?"

सत्यभामाबाईनं फळ्यावर आठ एक लिहिले आणि तिचे डोळे चमकले.

"अवं, ते तं सोपं हाय! जोडी-जोडीनं पाह्य ना, अकरानंच भाग जाते. अकरा, अकरा, अकरा, अकरा!"