उपाशी टाकी

धाकटीच्या हाताखाली माशांची पिल्लं मरत नाहीत, एवढ्या एका गुणावर ताईनं साहेबांकडे शब्द टाकून तिला मत्स्यबीज केंद्रात चिकटवली होती. ताई प्रयोगशाळेत, धाकटी टाक्यांवर.

प्रयोग ताईचा होता. समुद्रातल्या माशाचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा पोटाशी बलकाची शिदोरी असते. ती संपली की बाहेरचं खाणं लागतं. तेव्हा एका टाकीला खाद्य द्यायचं, दुसरीला उपाशी ठेवायचं आणि पाचक रस बनवणारी जनुकं दोन्हीकडे किती जागी राहतात ते तपासायचं.

उपाशी टाकी दिली धाकटीकडे. दारात आलेल्याला पाणी द्यायच्या आधी जेवणार का म्हणून विचारणारी ही बाई! काचेसारखी आरपार पिल्लं, नुसते दोन काळे डोळे, आणि ते आपल्याकडेच बघतात असं तिला वाटे. माशांना काय पडलंय हिच्याकडे बघायचं? पण तिला राहवलं नाही. शेजारच्या टाकीच्या खाद्यातलं भांडंभर तिनं तिथे ओतलं. मग रोजच ओतू लागली.

निकाल आला. दोन्ही टाक्यांत जनुकं सारखीच जागी. हा मासा उपास सोसतो म्हणून ताई हरखून गेली, साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. आता धाकटीनं तोंड उघडावं तर ताईची नाचक्की आणि तिच्या शब्दाची माती. उद्या सांगू, असं ती रोज ठरवी. ताई दिसली की पाइप धुवायला लागे. स्वतःची इतकी लाज तिला आयुष्यात वाटली नव्हती.

पिल्लांची पुढची खेप मोठ्या हौदात सोडली तेव्हा धाकटी रजेवर होती. परत आली आणि सवयीनं खाद्याची बादली घेऊन हौदावर गेली. ताईनं तिला अडवलं. खाद्य कमी पडलं होतं म्हणून जुन्या टाक्यांना आधी दिलं, म्हणाली. ही काय, थांबतील.

"कधीपासून नाही दिलं?"

"बलक संपल्यापासून. अगं, सोसतात ती. आपणच नाही का बघितलं?"

धाकटीनं बादली खाली ठेवली.

"ताई, उपाशी टाकीला मी खायला घालत होते."

ताईला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं बादली उचलली आणि हौदात रिकामी केली. दोघी काठावर ओणव्या झाल्या. पिल्लं जिवंत होती. डोकं खाली करून पाण्याबरोबर वाहत होती. खाद्य त्यांच्या तोंडाजवळून जात होतं, पण एकही पिल्लू त्याला तोंड लावेना.

धाकटी दुसरी बादली आणायला वळली. ताईनं तिचा हात धरला.

"नको. उपासाची हद्द ओलांडली की खायची ताकदच राहत नाही त्यांच्यात. मेलीत ती. नुसती पोहताहेत अजून."

धाकटी रडायला लागली. साहेबांना काय सांगणार, तुझं नाव जाईल, मला भीती वाटली, असं काहीबाही बोलत राहिली. ताई हौदाकडेच बघत होती.

"तेव्हाच सांगितलं असतंस," ती म्हणाली, "तर मी रागावले असते. एवढंच झालं असतं."