नऊ वाजताचा आकडा

३१ मार्च २०२३ च्या संध्याकाळी पाच वाजता लायनेल ट्रेम्बाथच्या ब्लॉगवर ४,८३२ नोंदी आणि २१,९६६ कमेंट होत्या. पहिली नोंद १ जानेवारी २०१० ची. तेव्हापासून दिवस भरतात ४,८३८. सहा नोंदी कमी आहेत, कारण दोन दिवस लायनेलच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि चार दिवस पर्थला मुलीचं लग्न. ३,४०७ नोंदींमध्ये '०.०' याखेरीज एक अक्षर नाही. कमेंट करणारी नावं त्रेचाळीस. २०१४ साली ३,२०८ कमेंट आल्या होत्या, २०२२ साली ३७१. त्या ३७१ पैकी ३५९ एकाच नावाच्या: मर्ल रोडा. वर्षातले सहा दिवस तिचे रिकामे आहेत. त्या आठवड्यात तिचा नवरा रॉन गेला.

पोर्ट हॅलम हे बार्ली पिकवणारं गाव. इथे माणूस भेटला की तब्येतीच्या आधी पाऊस विचारतात. प्रत्येकाच्या कुंपणाच्या खांबावर एक पर्जन्यमापक असतो आणि तो सकाळी नऊला वाचायचा असतो. पावणेनऊला वाचणारा माणूस गावाच्या हिशेबी जरा सैलच. लायनेलने शेती मुलाकडे सोपवली आणि नऊ वाजताचा पावसाचा आकडा, मिलिमीटरमध्ये, ब्लॉगवर लिहायला सुरुवात केली. खाली शेजारीपाजारी आपापला आकडा लिहायचे. वाद झालाच तर दशांश चिन्हाच्या उजवीकडचा.

पुढे सगळ्यांच्या हातात चांगले फोन आले आणि लोक सोशल मीडियावरच्या गावाच्या गटात गेले. गटाचं नाव 'हॅलम बोलतंय'. तो चालवणं हे कौन्सिलमधलं माझं काम. मी शिकले भौतिकशास्त्र, पण पोर्ट हॅलममध्ये भौतिकशास्त्राची जागा निघत नाही, 'संवाद साहाय्यक' या पदाची निघते. गावातले विखुरलेले संवाद एका जागी आणायचे, असं माझ्या नेमणूकपत्रात लिहिलं होतं. लायनेलचा ब्लॉग हा माझ्या यादीतला शेवटचा विखुरलेला संवाद होता.

मी गेले तेव्हा तो मापकाची नळी धूत होता.

"लायनेल, लोक आता तिकडे आहेत. इथे येतं कोण?"

"यायचे ते येतात."

"एक जण येतं. मी मोजलंय."

"मग बरोबर मोजलंयस."

"तिकडे दोन हजार तीनशे लोक आहेत!"

"दोन हजार तीनशे लोकांकडे मापक आहेत?"

"अहो, मापकाचं नाही. बोलणं होतं लोकांचं."

"पोरी, मला बोलायचं कुठंय? मला आकडे हवेत."

"मिसेस रोडांनाही मी गटात घेईन."

नळी धुणारा हात थांबला. "नक्की?"

"नक्की. मी स्वतः जाऊन त्यांच्या फोनवर लावून देते."

"मग कर काय करायचं ते," तो म्हणाला आणि पुन्हा नळी धुवायला लागला. ती आधीच स्वच्छ झाली होती.

तो हात का थांबला हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण लायनेल आणि मर्लचं गावात सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबर १९९४. वारा ठरलेल्या वेगापुढे गेला की कापणी थांबवायची असा गावचा करार होता. तो वेग दुपारी दोनला ओलांडला गेला. लायनेलने कापणीयंत्र थांबवलं नाही, त्याच्या फक्त दोन फेऱ्या उरल्या होत्या. यंत्राखाली ठिणगी पडली आणि रोडांची चाळीस हेक्टर उभी बार्ली जळून गेली. त्यानंतर दोन्ही घरं एकमेकांशी बोलली नाहीत. चर्चमध्ये दोन टोकांना बसत, दुकानात एक आत असेल तर दुसरा बाहेर थांबे. १४ जून २०१२ ला लायनेलने ब्लॉगवर ७.२ लिहिलं आणि सहा मिनिटांनी खाली पहिल्यांदाच एक कमेंट आली: "इकडे ६.४. एम. रोडा." साडेसतरा वर्षांनंतरचा हा पहिला शब्द. तेव्हापासून रोज नऊ वाजून सहा मिनिटांनी मर्लचा आकडा यायचा. त्यात आकड्याशिवाय काही नसायचं. लायनेलही त्यावर कधी काही बोलला नाही.

ब्लॉग बंद करण्याआधी सगळ्या कमेंट जपून ठेवाव्यात म्हणून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक कमेंटमधून तारीख, नाव आणि आकडा वेगळा काढून तक्ता करायचा. मर्लच्या ३,९३२ कमेंटपैकी ३,९३१ त्यात नीट बसल्या. एकीत आकडाच सापडला नाही, म्हणून प्रोग्रॅमने ती 'सदोष' म्हणून बाजूला काढली. ३,९३२ मध्ये एक सदोष म्हणजे ०.०२५ टक्के. कॉलेजच्या प्रयोगशाळेत इतकी कमी चूक मी कधी पाहिली नव्हती. त्या समाधानात ती एक कमेंट उघडून वाचायची राहिली.

पाच वाजता मी कमेंट बंद केल्या. ते बटण दाबताच जुन्या कमेंटही लोकांच्या नजरेआड गेल्या. वर मी पाटी लावली: 'इथली चर्चा बंद करत आहे. आता गटावर भेटू.' ब्लॉग लायनेलचा असल्याने पाटीखाली नाव त्याचंच उमटलं.

एक एप्रिलपासून लायनेल गटावर आकडा लिहू लागला. एकोणीस दिवस ०.० होतं. गट पोस्ट क्रमाने दाखवत नाही. माणूस जिथे थबकेल असं त्याला वाटतं, ते तो पुढे आणतो. शून्यापाशी कोण थबकणार? एकोणीस पोस्टना मिळून एकतीस जणांनी काहीतरी खूण केली, त्यातल्या बारा हसऱ्या चेहऱ्याच्या. लायनेल रोज साडेनऊला कचेरीत फोन करायचा.

"आला का?"

"कोणाचा, लायनेल?"

"कोणाचा म्हणजे? आकडा."

"नाही आला. पण डेनिस गिलबर्टने खूण केलीय."

"डेनिस गिलबर्टकडे मापक नाही."

वीस तारखेला पाऊस झाला, २२.४. लायनेलने काठोकाठ भरलेल्या नळीचा फोटो टाकला आणि दुपारपर्यंत त्याखाली १८७ कमेंट जमल्या. माझी वरिष्ठ रोसलिन खुर्चीतून उठून माझ्यापर्यंत आली. असं ती कधी करत नाही. "बघितलंस? तेरा वर्षांत त्याच्या ब्लॉगवर एका दिवसात इतकं कोणी बोललं होतं?" नव्हतं. मी तक्ता पाहिला होता.

संध्याकाळी लायनेल चष्मा घेऊन कचेरीत आला आणि म्हणाला, सगळ्या वाच. मी वाचत गेले.

"'बावीस? आमच्याकडे तीस झाला. बढाया मारू नकोस, लाय.'"

"पुढे."

"'तीस? तुझ्या कुत्र्याने भरला असेल मापक.' मग 'माझ्या कुत्र्याला मध्ये आणू नकोस.' मग 'पावसाचं जाऊ द्या, धक्क्यावर ट्रेलर आडवा कोणी लावलाय?' इथून एक्काहत्तर कमेंट ट्रेलरच्या आहेत."

"त्या सोड."

"मग नवीन गोल चौक. 'ज्यांना चौक नको त्यांनी शहरात जाऊन राहावं.' 'शहरातही चौक असतात, गाढवा.' मग कोणीतरी एक आकडा दिलाय, १८.६."

"कोणाचा?"

"तो २०१६ चा आहे. जुना फोटो टाकलाय."

१८७ मध्ये पावसाचे आकडे चार निघाले. एक सात वर्षांपूर्वीचा, एक कुत्र्याच्या संशयाचा. मर्ल रोडाचं नाव नव्हतं. लायनेलने चष्मा घडी करून खिशात ठेवला.

"ती माझ्यापासून चार किलोमीटरवर आहे. तिच्याकडे पडलाच असणार."

"हो."

"पडला असेल तर तिने वाचला असणार. आणि वाचून लिहिला नाही असं अकरा वर्षांत एकदाच झालं, रॉन गेला तेव्हा. शहात्तर वर्षांची आहे. एकटी असते. उद्या जाऊन बघून ये, पोरी."

"तुम्हीच जा की."

"चौऱ्याण्णवपासून मी त्या फाटकातून आत गेलेलो नाही. आता काय, आकडा मागायला जाऊ? आणि मी पाठवलंय म्हणून सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा मर्ल शिडीवर चढून पन्हळीतला पाला काढत होती.

"मी जिवंत आहे का बघायला पाठवलंय ना त्याने?" ती वरूनच म्हणाली.

"नाही, मी आपली सहज..."

"तुला खोटं बोलता येत नाही, टॅम्सिन. तुझ्या आजीलाही येत नव्हतं. शिडी धर."

मी शिडी धरली. ती खाली उतरली.

"तू फोनवर लावून दिलेल्या त्या गटात मी गेले होते. एका मांजराचं हरवणं मी तीनदा वाचलं. कोण कुठली बाई मला वजन कमी कर म्हणाली. लायनेल काही दिसला नाही."

"होते ते. रोज लिहितात. तुम्हाला दाखवलं गेलं नाही."

"कोणी नाही दाखवलं?"

"गटच ठरवतो, कोणाला काय..." मी सुरुवात केली.

"राहू दे," ती म्हणाली. "दार त्यानेच लावलं. मी लिहिलं आणि तासाभरात त्याने पाटी लावली, चर्चा बंद. अठ्ठावीस वर्षांनी एक गोष्ट लिहिली माणसाने, तर हे उत्तर. ठीक आहे. कळलं मला."

"काय लिहिलं होतंत?"

"तुला माहीत नाही? सगळं मोजलंयस असं गावभर सांगत होतीस ना?"

स्वयंपाकघरात टेबलावर एक वही होती. एप्रिलच्या एकवीस ओळी, रोजचा आकडा, एकही दिवस सुटलेला नाही. वीस तारखेपुढे २३.० होतं.

"लायनेलकडे २२.४," मी म्हटलं.

"असणारच. त्याचा मापक गोदामाच्या आडोशाला आहे, वाऱ्याने थेंब बाहेर पडतात. अकरा वर्षं सांगायचं राहिलंय."

मी तिथूनच लायनेलच्या घरी गेले, त्याच्या टेबलावर माझा संगणक उघडला आणि 'सदोष' म्हणून बाजूला पडलेली कमेंट काढली. २१,९६६ वी, शेवटची. ३१ मार्च, दुपारी चार वाजून आठ मिनिटं.

"आगीचं मी सोडून दिलंय, लायनेल. रॉननेही जाण्याआधी सोडलं होतं."

लायनेलने वाचली. मग पडद्याच्या आणखी जवळ जाऊन वाचली.

"ही पाटी लावायच्या आधी आली?"

"बावन्न मिनिटं आधी."

"आणि पाटी तू लावलीस."

"हो."

"माझ्या नावाने."

"हो. त्यांना वाटलं, ते तुमचं उत्तर आहे."

त्याने पडद्यावर कमेंटच्या वेळेवर बोट ठेवलं. मला वाटलं, आता मला घराबाहेर काढणार.

"चार वाजून आठ मिनिटं," तो शेवटी म्हणाला. "ही बाई नऊ-सहाला लिहिते. दिवसभर विचार करत बसली असणार."

"मी जाऊन सांगू का त्यांना? चूक माझी आहे."

"तू पुष्कळ केलंस. तो ब्लॉग पहिल्यासारखा कर आणि घरी जा." मी पाटी काढली, कमेंट उघडल्या. दारापर्यंत गेले तेव्हा त्याने विचारलं, "उद्या हवा काय म्हणतेय?"

"हलक्या सरी. सकाळपर्यंत."

त्या दुपारी मी एप्रिलचा आतापर्यंतचा अहवाल रोसलिनला दिला. त्यात लायनेलच्या पोस्टवरचा सहभाग ब्लॉगवरच्या मार्चपेक्षा जवळजवळ सातपट झाल्याचं लिहिलं होतं. आकडा बरोबर होता, म्हणून तिने तो ठळक करून वर पाठवला.

शनिवारी मी नऊ वाजल्यापासून ब्लॉग उघडून बसले. नऊ वाजून सहा मिनिटं झाली. पानावर ना नोंद होती, ना कमेंट. साडेनऊ झाले. तेरा वर्षांत लायनेलची नोंद नऊ-पाचच्या पुढे कधी गेली नव्हती. त्या दिवशी ती दहा वाजून चाळीस मिनिटांनी आली:

२२ एप्रिल २०२३. ट्रेम्बाथ, ९:०० वाजता: १.४. रोडा, ९:१४ वाजता, दोघांनी वाचून: १.८.