दादाचा जबडा

कारखान्यात चाळीस माणसं आणि संडास एकच. त्याची किल्ली फोरमनकडे. फोरमन म्हणजे तिथे लेथ मशिनीवर लोखंड कातणाऱ्या लेथवाल्याचा सख्खा थोरला भाऊ.

लेथवाल्याला दीड महिना दिवसातून पंधरा-पंधरा वेळा जावं लागत होतं, आणि दरवेळी रक्त. मूळव्याध असेल म्हणून त्याने अंगावर काढलं. बायकोलाही ताकास तूर लागू दिली नाही.

त्या दुपारी पोटात पीळ पडला.

"दादा, किल्ली दे."

"तासाभरात चौथ्यांदा? आत विड्या फुंकतोस काय?" दादाने सगळ्यांदेखत विचारलं. कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"पाया पडतो, दादा."

"आधी हातातलं काम उरक."

आणि तिथेच, उभ्या जागी, विजारीतून गरम रक्त पोटऱ्यांपर्यंत ओघळलं. हसणं वाढलं. लेथवाल्याच्या हाताशी पाना होता. पहिला घाव दादाच्या जबड्यावर बसला. दोन दात लोखंडाच्या किसात जाऊन पडले. दादाने त्याची कॉलर धरून त्याला मशिनीवर आपटलं. तेलकट फरशीवर दोघे एकमेकांना बुकलत लोळले. चौघांनी ओढून बाजूला केलं, तोच लेथवाल्याने डोळे पांढरे केले.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं. "मोठं आतडं सोलून निघालंय. तिथे कोट्यवधी जंतू सुखाने नांदत असतात आणि शरीराची संरक्षण यंत्रणा त्यांना सांभाळून घेते. तुमची त्यांच्यावर उठलीय. त्यात मार खातंय तुमचंच आतडं."

"पण का?"

"नेमकं अजून कुणालाच सांगता येत नाही."

स्टेरॉइडने रक्त थांबलं, पण डोस कमी केला की पुन्हा सुरू. मग बाई म्हणाल्या, "निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू तुमच्या आतड्यात सोडून बघता येतील. अजून अभ्यास चालू आहे, खात्री देत नाही."

बायको कुणाला न विचारता जावेकडे गेली. दुसऱ्या दिवशी दादा हजर. जबडा तारांनी बांधलेला.

"माझं घ्या," तो दातांतूनच म्हणाला.

"इतक्यात अँटिबायोटिक घेतली होती?"

"जबड्यासाठी. दोन आठवडे."

"मग त्यांनी तुमचेही बरेच जंतू मारले असतील. तीन महिने तरी तुमचं चालणार नाही."

लेथवाला भिंतीकडे तोंड करून झोपला. आपल्याच हाताने मारलेला पाना त्याला आता लागला.

दुसरं कुणी चालण्यासारखं सापडलं नाही, आणि तीन महिने मिळालेच नाहीत. एका सकाळी आतडं फुटलं. पोट फाडून मोठं आतडं काढून टाकलं आणि विष्ठा गोळा करायला पोटावर पिशवी आली. जीव वाचला.

दहाव्या दिवशी ती पिशवी गळली. चादर, अंग, सगळं बरबटलं. जवळ एकटा दादा होता.

"हात लावू नकोस!" लेथवाला ओरडला आणि त्याच्या छातीवर गुद्दे हाणू लागला. "चालता हो!"

दादाने दोन-चार खाल्ले. मग त्याच्या कानाखाली एक सणसणीत लगावली.

"गप पड," तो म्हणाला, आणि बाह्या सारून पुसायला बसला.