हाताला न लागणारा देव

सुप्याच्या धरणात बुडालेला देव वर आला म्हणून बघायला सगळं रामनगर लोटलं. मंडपात एक काळं, झाकणाचं भांडं. झाकणाला मध्ये भोक, आणि त्या भोकावर बोटभर उंचीची पितळी मूर्ती लखलखत उभी. धरायला जावं तर चिमटीत नुसती हवा.

"देव अजून पाण्यातच हाय. औषधानं बाटलेल्या हाताला लागायचा न्हाई," मंडप घालून बसलेले जलस्वामी सांगत. "एक्केचाळीस दिस गोळी बंद करा, मग बघा मुठीत येतोय का न्हाई." स्वामींची पाण्यावर भारी भक्ती. ते स्वतः मात्र बाटलीबंद पाण्याशिवाय घोट घेत नसत.

पुंडलिकाचं गाव त्याच धरणाखाली गेलेलं. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. भांडीकुंडी ट्रकवर चढली आणि देव तेवढा मागं राहिला, हे त्याचा आजा मरेपर्यंत बोलत होता. मूर्तीतून हात आरपार गेला तेव्हा पुंडलिक ढसाढसा रडला.

घरी बायको लक्ष्मी क्षयानं आजारी होती. सहा महिन्यांच्या गोळ्यांपैकी चार महिने झालेले, खोकला थांबून तिच्या तोंडाला चव आलेली. पुंडलिकानं उरलेली पाकिटं उचलली आणि भांड्याखाली लोकांनी सोडलेल्या गोळ्यांचा ढीग होता, त्यात टाकून आला. ती नको नको म्हणत होती. तुझ्यासाठीच करतोय, एवढंच तो म्हणाला.

पस्तिसाव्या दिवशी तिच्या पदरावर रक्त पडलं.

निरोप मिळताच कॅसलरॉकच्या शाळेत शिकवणारी भाची सुप्रिया धावत आली. मामीला दवाखान्यात पोचवून तिनं मामाला तडक मंडपात नेलं. भांडं बघताच ती थबकली. गेल्या वर्षी शाळेची सहल मुंबईच्या विज्ञान केंद्रात गेली होती. तिथं अस्संच भांडं होतं, वर एक स्प्रिंग तरंगत होती, आणि ती धरायला जाऊन पोरं हसत सुटली होती. तिथं भांड्याखाली, हे कसं घडतं ते सांगणारा फलक होता. इथं गोळ्यांच्या पाकिटांचा ढीग होता.

"मामा, वर धरू नका," ती म्हणाली. "आत हात घाला."

देव कोपेल म्हणून स्वामी ओरडू लागले. पुंडलिकानं मनगटापर्यंत हात आत घातला. वरचा देव नाहीसा झाला आणि तळाशी त्याच्या बोटांना गार पितळ लागलं. त्यानं मूर्ती बाहेर काढली. बाजारात कुठंही मिळते तसली होती.

सुप्रियानं झाकण उचलून सगळ्यांना दाखवलं. दोन खोलगट आरसे, वाटीवर वाटी पालथी घालावी तसे. तळाच्या मूर्तीवरचा उजेड आधी वरच्या आरशावर, मग खालच्या आरशावर आपटून भोकापाशी पुन्हा एकत्र येतो, आणि मूर्ती तिथंच आहे असं डोळ्यांना वाटतं. औषध घेणाऱ्याच्या हाताला हवा लागते, न घेणाऱ्याच्याही हाताला हवाच.

लोक स्वामींवर धावून गेले, पोलीस आले. पुंडलिक खाली बसून ढिगातून लक्ष्मीची पाकिटं शोधत राहिला.

गोळ्या मध्येच तुटल्यामुळं रोग आता त्यांना दाद देत नव्हता. डॉक्टरांनी दुसरी औषधं सुरू केली, पण बाविसाव्या दिवशी लक्ष्मी गेली.

ते भांडं आज सुप्रियाच्या शाळेच्या एका खोलीत आहे. शेजारी लक्ष्मीचं न संपलेलं पाकीट. दर शनिवारी पुंडलिक तिथं बसतो. पोरं मूर्ती धरायला जातात, हसतात. तो त्यांना पोटभर हसू देतो, मग सांगतो.

"डोळ्याला दिसलं म्हणून खरं धरू नका. कसं झालं म्हणून इचारा, आत हात घालून बघा. आन् दवाखान्याची गोळी कुणाच्या बी सांगण्यावरनं सोडू नका. म्या बी आत हात घातला व्हता, पर पस्तीस दिस उशिरानं."