ताकातलं सफरचंद

किसलेलं सफरचंद आंबट ताकात घातलं, की थोड्याच वेळात ते तांबूस काळपट पडतं आणि किसाचे लगदे वर तरंगायला लागतात. धुडकूसमोर रोज सकाळी हीच वाटी यायची. नुसता वास नाकाशी गेला तरी त्याला उमासा यायचा. अरे, हे माणसानं खायचं की गुरांपुढं ठेवायचं? पण त्याची बायको उषाबाई समोर ठाण मांडून बसायची.

“खाई ल्या. डागदरनी सांगेल शे.”

मग धुडकू डोळे मिटून गिळायचा. आंबट, गोड, वर बुळबुळीत. घशाखाली उतरेपर्यंत अंगावर शहारे.

त्याचं दुखणं चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. पोट साफ होत नव्हतं, बस. सुरतच्या बमरोलीतल्या त्यांच्या चाळीत सगळ्या खोल्यांना मिळून एकच संडास. ओल्या फरशीवर विडीची थोटकं, बादलीच्या तळाला हिरवं शेवाळ, आणि वास तर विचारूच नका, मेलेल्या माणसालाही उठून पळावंसं वाटेल. त्यात धुडकू घाम गाळत बसायचा आणि शेजारचा छगन बाहेरून दार बडवायचा, “काका, आत गादी घातली का?” पायाला मुंग्या यायच्या, काम काही व्हायचं नाही.

व्हायचं ते भलत्याच वेळी, कापडाच्या कारखान्यात लूमवर, ऐन कामात. मशीन सोडून धुडकू पळायचा, इकडं धागा तुटायचा आणि कापडात खोट राहायची. शेवटी शेठनं तोंडावर सांगितलं, “पुन्हा मशीन सोडलंस तर दुसऱ्या दिवशी येऊ नको.” साठीला टेकलेला माणूस. त्याला सुरतेत दुसरा कोण दारात उभं करणार होता?

डॉक्टरसमोर तोंड उघडायची त्याला लाज, म्हणून त्याच्या वतीनं उषाबाईच दवाखान्यात जाऊन आली होती. आली ती फर्मान घेऊनच. सफरचंद खायचं, आणि ताकासोबत खायचं. धुडकूनं तोंड वाकडं केलं तर म्हणाली, गुजराती डागदर आहे, त्या लोकांना छास म्हणजे ताक कशाबरोबरही चालतं.

पण गुण येण्याऐवजी पोट आणखी घट्ट झालं. नगाऱ्यासारखं. अखेर लाज गुंडाळून ठेवून धुडकू स्वतः डॉक्टरकडे गेला आणि ताकाची सगळी रामकहाणी सांगून बसला.

डॉक्टर खुर्चीत मागं रेलला. “छास? मैंने छास कब बोला? छाल बोला था, छाल! सफरजन छाल साथे.”

आता सफरचंदाच्या सालीला गुजराती माणूस छाल म्हणतो. उषाबाईला घरचं सालटं ठाऊक आणि बाजारातली छास ठाऊक. दवाखान्याच्या भिंतीला लागून लूमचा खडखडाट. तिनं छाल ऐकली ती छास करून.

डॉक्टरनं समजावलं, की सालीत चोथा असतो, तो पोटातला मळ पुढं ढकलतो. साल सोलू नका, नीट चावून खा, वर पाणी भरपूर प्या. “और छाल निकाल के, घिस के तो हम उसको देते हैं जिसको दस्त लगे हों,” असं म्हणून तो पोट धरून हसला.

म्हणजे ज्याला थांबत नाही त्याचं औषध, ज्याचं सुटत नाही तो गिळत होता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! धुडकूचं डोकं सणकलं. ती सगळी आंबट घाण पुन्हा घशाशी आल्यासारखी झाली. आज हिची चांगली हजेरी घेतो, असं ठरवूनच तो घरात शिरला.

“छाल सांगेल व्हती त्यानी. सालटं! ताक नही!”

उषाबाईच्या हातातली किसणी हातातच राहिली.

“आन् इतला दिननं सालटं कोठे फेकं?”

“फेकं नही. मी खादं,” ती म्हणाली. “महागनं फळ. फेकाले जीव व्हयना नही.” मग खाली बघत, हळूच, “एक सांगू? माले गुण उना.”

“तुले काय व्हयेल व्हतं?”

“तुम्हले शे तेच. लगीन करीसन आठे उनू तवयपासून.”

लग्न करून इथं आली तेव्हापासून. धुडकूला एकेक आठवायला लागलं. सकाळी कामावर जाणाऱ्या पुरुषांची रांग आधी, बायांचा नंबर वेळ उरला तर. म्हणून ही दिवसभर पाणी पीत नव्हती. नुसते ओठ ओले करून तांब्या खाली ठेवायची, आणि त्याला वाटायचं, हिला तहानच कमी.

“मंग डागदरले का नही सांगं?”

“त्यानी इचारं ना, आणखी काही तकलीफ? मी म्हटलं, नही.”

एका वाटी ताकासाठी आपण केवढं तोंड टाकायला निघालो होतो! धुडकूला आता ताकाची नाही, स्वतःचीच किळस आली. त्याच्या पोटाची खबर सगळ्या चाळीला होती आणि शेजारी निजणाऱ्या बाईला त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुडकू रांगेत होता. सालीसकट खाल्लेलं सफरचंद पोटात गुरगुरत होतं. नंबर लागला तेव्हा पहिल्यांदाच त्यानं मागं वळून पाहिलं. उषाबाई नेहमीसारखी भिंतीला लागून, पदर ओढून, पुरुष आटोपायची वाट बघत उभी होती.

“तू जाय पहिले,” तो म्हणाला.

मागून छगन कुरकुरला. उषाबाई जवळ येऊन कुजबुजली, “तुम्हले उशीर व्हई. शेठ काढी टाकी.”

“काढू दे,” धुडकूनं तिच्या हातात भरलेली बादली दिली आणि दाराला पाठ लावून रांगेकडं तोंड करून उभा राहिला. “तू बस निवांत.”