तिसऱ्यांदा विचारा

माझ्या सासरी पहिल्या विचारण्याला कुणी खरं उत्तर देत नाही. वाढू का म्हटलं की नको. दुसऱ्यांदा विचारलं की "अगं खरंच नको, आत्ताच झालंय." तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, घोटभर आमटी दे" म्हणत बसतात आणि पातेलं रिकामं करून उठतात. लग्न होऊन आले तेव्हा मी एकदा विचारून झाकपाक करायचे आणि अख्खं घर उपाशी झोपायचं. शेवटी सासूबाईंनी मला बाजूला घेऊन रीत समजावली. शिकले बाई, करते काय. पण मग आम्ही परदेशात आलो, आणि इथे सगळे एकदाच विचारतात.

इथे धाकटे दीर शिकायला म्हणून आमच्याकडे राहायला आले. गुणी मुलगा, अभ्यासू, पण भिडस्तपणात सगळ्या घराण्याच्या वरताण. थंडीने कुडकुडतील पण हीटर वाढवा म्हणणार नाहीत. यांची कामावरून आठवडाभर दुसऱ्या शहरात रवानगी झाली आणि नेमकं तेव्हाच भाऊजी भिंतीला धरून चालायला लागले. मी विचारलं, काय होतंय. काही नाही म्हणाले. परत विचारलं, तेच. तिसऱ्यांदा म्हणाले, पोट थोडंसं धरलंय. या घरात थोडंसं म्हणजे बरंच, एवढं मला कळतं. माझी चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात पाळी होती, म्हणून मी त्यांना डॉक्टरकडे जायला बजावलं आणि कामावर गेले.

भाऊजी डॉक्टरकडे गेले, तेवढं मात्र केलं. पण कसे गेले ते ऐका. आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि निघण्याआधी घरून आणलेल्या औषधांच्या पिशवीतल्या वेदनेच्या दोन गोळ्या घेतल्या. का, तर डॉक्टरांसमोर कण्हत बसणं बरं दिसत नाही. डॉक्टरांनी विचारलं, एक ते दहामध्ये किती दुखतंय. भाऊजी म्हणाले, दोन. डॉक्टर बिचारा काय करणार, त्याने बधिर झालेलं पोट दाबून पाहिलं आणि पित्ताची गोळी देऊन घरी पाठवलं. संध्याकाळी हे सगळं त्यांनी मला कौतुकाने सांगितलं. मी कपाळाला हात लावला. वर सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला, तर हा माणूस उशी टेकून ताठ बसला आणि हसत हसत थंडीच्या गप्पा मारू लागला.

सकाळी मी डबा भरत होते तर बाथरूमचं दार उघडंच. भाऊजी फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेले, अंग तापलेलं, ओठ कोरडे पडलेले. मला बघून म्हणाले, तुम्ही निघा, उशीर होईल. मी पोटाला बोट लावलं तर असे आक्रसले की माझाच जीव घाबरला. यांना फोन केला. हे म्हणाले, तो बरं आहे म्हणतोय ना, मग बरं असेल. एकाच गिरणीचं पीठ. मी फोन ठेवला, गोळ्यांची ती पिशवी कपाटावर फेकली आणि टॅक्सी बोलावली.

वाटेत मी त्यांना चांगलं खडसावलं. म्हटलं, इथे आग्रह करत नाहीत. एकदा विचारतील, तेव्हाच खरं सांगायचं, नाहीतर पोटात काहीतरी फुटेल आणि मी तुमच्या आईला तोंड कसं दाखवू. ते हो वहिनी, हो वहिनी करत होते.

हॉस्पिटलात पडदा लावलेल्या एका खाटेवर त्यांना झोपवलं. गळ्यात चष्मा अडकवलेली एक नर्स आली आणि किती दुखतंय म्हणून विचारलं. भाऊजींनी कॉलर सारखी केली, हसले आणि म्हणाले, तीन.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी नर्सला म्हटलं, परत विचारा. तिने विचारलं. चार म्हणाले. मी म्हटलं, अजून एकदा विचारा, आमच्याकडे तिसऱ्यांदा विचारावं लागतं. नर्सने पेन खाली ठेवलं. आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि अगदी गोड आवाजात मला पडद्याबाहेर जायला सांगितलं. नातेवाईक पेशंटच्या तोंडी शब्द घालायला लागले की इथे त्यांना वेगळं करतात, घरी काही जाच आहे का ते बघायला. म्हणजे दिराला टॅक्सीत घालून आणणारी मी, छळ करणारी वहिनी ठरले.

बाहेर उभी राहून मी दात ओठ खात होते. सुपरवायझरचा फोन येत होता, तो कापत होते. आत नर्स हळू आवाजात विचारत होती, घरी कुणी त्रास देतं का, भीती वाटते का. भाऊजी म्हणाले, छे, वहिनी फार चांगल्या आहेत, माझ्यापायी आज त्यांचं काम बुडलं. मग तिने दुखण्याचं पुन्हा विचारलं.

"त्या बाहेर आहेत ना?" भाऊजी म्हणाले. "नऊ. कालपासून नऊ आहे."

आणि मग ते रडायला लागले. त्यांना रडताना मी कधी ऐकलं नव्हतं.

पुढे सगळी धावपळच झाली. डॉक्टर आले, त्यांनी पोट तपासलं, सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. अपेंडिक्स फुटलं असावं, आत्ताच्या आत्ता ऑपरेशन करायला हवं म्हणाले. खाट ढकलत बाहेर आणली तेव्हा भाऊजींचा चेहरा राखेसारखा झाला होता, तरी मला बघून हसले.

"फारसं नाही हो दुखत," ते म्हणाले. "तुम्ही जा कामावर."

"पडदा कापडाचा होता, भाऊजी. मी सगळं ऐकलंय."

त्यांचं हसू गेलं.

"खूप दुखतंय, वहिनी," ते म्हणाले. "आईला नका सांगू."

त्या क्षणी इतका संताप आला की हातावर एक सणसणीत चापट मारावी. पण त्या हाताला सलाईन होतं. मी दुसरा हात घट्ट धरला आणि खाटेबरोबर लिफ्टपर्यंत धावत गेले.